लाकडाची सोयरीक

जुना बेस, म्हणजे खालच्या सुरांची चार तारांची विजेची गिटार, कुणी दाखवायला आणला की बहुतेक जण आधी हेडस्टॉकवरचं, म्हणजे मानेच्या टोकावरचं नाव वाचतात, मग रंग बघतात, मग पाठीवरच्या प्लेटचा नंबर. मी तो आधी उलटा धरतो. पट्टा अडकवायचं बटण असतं ती खालची कड उजेडाकडे करायची. तिथे लाकडाचा आडवा छेद असतो. पारदर्शक पॉलिश असेल तर झाडाच्या वाढीची वलयं सरळ दिसतात. रंगवलेला असेल तर बॅटरीचा उजेड तिरपा टाकला की सांध्याचा बारीकसा उठाव कळतो. बॉडी एका फळीची की दोन-तीन फळ्यांची, सांधा मधोमध की बाजूला, शेजारच्या फळ्यांची वलयं एकाच बाजूला झुकलेली की एकमेकींकडे पाठ करून बसलेली, हे सगळं त्या वीतभर कडेवर वाचता येतं. पुढची बाजू कितीही देखणी असो, ती मी मागाहून बघतो.

ही सवय कोल्हापुरात लागली, आणि ती इथेच लागावी याला कारण आहे. गणेशोत्सवातले ऑर्केस्ट्रा, लावणीचे कार्यक्रम, केशवराव भोसले नाट्यगृहातल्या हिंदी-मराठी गाण्यांच्या मैफली, या सगळ्यांत ढोलकी आणि ऑक्टोपॅडच्या खाली कुणीतरी चार तारांवर उभा असायचा. १९९१च्या आधी परदेशी वाद्य सहज मिळत नव्हतं. जे यायचं ते मुंबईतल्या एखाद्या वादकाकडून, गोव्याहून, किंवा बोटीवर नोकरी करणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून. त्यामुळे बेस विकला जायचा नाही, हस्तांतरित व्हायचा. बिघडला तर दुरुस्तीला सुताराकडे, ब्रिजचा, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात त्या भागाचा स्क्रू झिजला तर उद्यमनगरात, शहरातल्या कारखान्यांच्या वस्तीत, लेथवाल्याकडे. ज्या लोकांनी ही वाद्यं उघडली त्यांना ब्रँडचं देणंघेणं नव्हतं. त्यांना लाकूड कळत होतं आणि लोखंड कळत होतं. जुन्या बेसबद्दल मला जे कळलं त्यातलं बरंचसं त्यांच्या शेजारी उभं राहून कळलं.

लिओ फेंडरने १९५१ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात प्रिसिजन बेस बाजारात आणला, तेव्हा त्याच्या मनात तंतुवाद्य घडवणाऱ्या कारागिराची परंपरा नव्हती. तो रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला असं वाद्य हवं होतं जे झटपट बनेल आणि बिघडलं तर भाग बदलून पुन्हा चालू होईल. ॲश लाकडाची सपाट फळी, तिला मेपलची एकसंध मान चार स्क्रूंनी जोडलेली, तारेची लांबी ३४ इंच. मान पाठीमागून कोरून आत ती वाकू नये म्हणून लोखंडी सळी, ट्रस रॉड, बसवायचा आणि चर अक्रोडाच्या पट्टीने बुजवायची. जुन्या मेपलच्या मानेमागे ती काळसर रेघ दिसते ती त्यामुळे. १९५४ला बॉडीच्या कडा अंगाला लागू नयेत म्हणून उतरवल्या, १९५७ला तारेचं कंपन टिपणारा पिकअप दोन तुकड्यांचा झाला आणि आज आपण ज्याला प्रिसिजन म्हणतो ते रूप पक्कं झालं.

लाकूड जुळवण्याची खरी गोष्ट १९५६च्या आसपास सुरू होते. तेव्हा सनबर्स्ट रंगाच्या वाद्यांसाठी ॲशऐवजी आल्डर वापरायला लागले. ॲशची छिद्रं मोठी, ती भरणीने बुजवल्याशिवाय रंग सपाट बसत नाही. आल्डर घट्ट आणि एकसारखं, भरणीची कटकट नाही, मिळायलाही सोपं. फिकट, रेषा दिसू देणाऱ्या ब्लाँड रंगासाठी मात्र ॲशच राहिलं. म्हणजे रंगच ठरवायला लागला की लाकूड कोणतं आणि ते किती निगुतीने जुळवायचं. सनबर्स्टची गंमत अशी की मध्ये पिवळसर उजेड आणि कडेला गडद पट्टा. बाजूचा सांधा त्या गडद पट्ट्यात गडप होतो. त्यामुळे पन्नास-साठच्या दशकातल्या कितीतरी नावाजलेल्या बेसच्या बॉडीत दोन किंवा तीन बिनमेळाच्या फळ्या आहेत. एकीची रेष सरळ, दुसरीची लाटेसारखी, सांधा मधोमध नाही, रंगात फरक. आज लाखो रुपयांना जाणाऱ्या वाद्याचं हे पोट बघून काही जण नाराज होतात. मी होत नाही. त्या फळ्या अजून घट्ट आहेत. साठ वर्षं झाली तरी सांधा नखाला लागत नाही.

उलट सत्तरच्या दशकात नॅचरल रंगाची लाट आली. लोकांना लाकूड दिसायला हवं होतं, म्हणून पुन्हा ॲश, वर पॉलिएस्टरचा जाड थर, आणि रेषा शेजारीशेजारी नीट लावलेल्या. समोरून बघावं तर डोळे निवतात. पण हातात घेतल्यावर खांदा बोलायला लागतो. त्या काळातले काही बेस पाच किलोच्या घरात जातात. आणि मान जिथे बॉडीत बसते त्या खाचेत पोस्टकार्ड सरकेल एवढी फट. १९६५च्या जानेवारीत सीबीएस कंपनीने फेंडर १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली आणि त्यानंतरची वाद्यं ढिली झाली, अशी वादकांची जुनी तक्रार आहे. तक्रारीत तथ्य आहे, पण कारण सांगताना लोक ‘कंपनीवाले लोभी’ एवढ्यावर थांबतात. त्याने माझं समाधान होत नाही.

हे उद्यमनगरात जास्त नीट समजतं. फेंडरच्या कारखान्यात मान आणि बॉडी एकमेकांसाठी घडवल्या जात नव्हत्या. मानेचा ढीग वेगळा, बॉडीचा वेगळा. जुळणी करणारा दोन्हींतून एकेक उचलायचा. मानेच्या बुडाला पेन्सिलने लिहिलेली तारीख आणि बॉडीतली तारीख यांत म्हणून अंतर सापडतं. पन्नासच्या दशकातल्या मानांवर तर टाडेओ गोमेझ या कारागिराची ‘टीजी’ अशी आद्याक्षरं सापडतात आणि ती सापडली की संग्राहक हरखून जातात. आता, ढिगातली कुठलीही मान ढिगातल्या कुठल्याही बॉडीत चपखल बसायची असेल तर दोन्ही कापणारे साचे शाबूत पाहिजेत. साचा झिजला, खाच कोरणाऱ्या राउटर यंत्राचं पातं बोथट झालं, की खाच दर फेरीला थोडी थोडी मोठी होत जाते. एक लेथवाला मला म्हणाला होता, “जिग दहा थाऊ खाल्लं की माल पन्नास थाऊ खातोय.” जिग म्हणजे साचा, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. उत्पादन कित्येक पट वाढलं की साचा बदलायला मशीन थांबवावं लागतं, आणि मशीन थांबवणं कुणालाच नको असतं. फट तिथून येते. लाकूड निवडणारा माणूस आणि खाच कापणारा माणूस वेगळे, त्यामुळे एकाच वाद्यात पहिल्याचं काम उत्तम आणि दुसऱ्याचं सुमार असू शकतं.

म्हणून माझं ठाम मत असं की दिसणारी जुळणी आणि बांधणी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि जुन्या बेसच्या बाजारात त्यांची सर्रास गल्लत होते. फोटोत रेषा जुळल्या की किंमत चढते. खाचेचा फोटो कुणी मागत नाही.

पण एक तिसरी जुळणीही असते. ती फोटोत येतच नाही, आणि तिच्यावर सगळं अवलंबून असतं. ती मला मंगळवार पेठेतल्या एका सुतारमामांनी दाखवली.

माझ्याकडचा बेस सत्तरच्या दशकातला जपानी. हेडस्टॉकवरचं नाव केव्हाच पुसलं गेलंय. ऑर्केस्ट्रातल्या एका काकांनी निवृत्त होताना तो माझ्या हवाली केला. बॉडी नॅचरल, दोन फळ्यांची, सांधा बरोबर मधोमध. दिसायला ॲश, पण त्या काळात जपानी कारखाने ॲशसारख्याच रेषा असलेलं सेन नावाचं झाड भरपूर वापरायचे. ते ॲशच्या कुळातलं नव्हे. वजन आणि छिद्रांची ठेवण बघता माझा बेस सेनचाच असावा. पिकअप बदलायचा होता म्हणून तो उघडून मामांच्या बाकावर ठेवला. त्यांनी कधी बेस गिटार हातात धरलेली नव्हती. त्यांनी बॉडी उचलून तोलली, दोन्ही अंगांना बोटाच्या पेराने ठोकलं, कान लावला, मग खालची कड बघितली. मी मध्येच म्हणालो, “मामा, रेषा किती छान जुळवल्यात बघा.”

“आरं, रेषा सोड,” ते म्हणाले. “रंग पॉलिशनं बी जुळवता येतोय. ओल कशी जुळवणार? दोन्ही फळ्या एकाच ओलीच्या हाईत, एकाच वळणाच्या हाईत. सोयरीक जुळवताना रूप मागनं बघायचं, आधी घराणं.”

मग त्यांनी जे समजावलं ते मी पुढे पुष्कळ ताडून बघितलं आणि ते अक्षरशः खरं निघालं. लाकूड तोडल्यावर मरत नाही, असं आपण सहज म्हणतो. निदान हवेतल्या ओलाव्याशी त्याचं देणंघेणं कधी संपत नाही. जुलैत पंचगंगेचं पाणी पात्राबाहेर पडतं, गगनबावड्याकडून येणारा वारा आठवडेच्या आठवडे ओला असतो, कपाटातल्या कपड्यांनाही वास येतो. एप्रिलमध्ये तीच हवा कोरडी ठणठणीत. लाकूड या दोन टोकांच्या मध्ये दरवर्षी फुगतं आणि आकसतं. लांबीत जवळजवळ नाहीच. रुंदीत मात्र होतं, आणि तेही सगळीकडे सारखं नाही. वलयाच्या कडेने लाकूड जितकं फुगतं त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्याकडून सालीकडे फुगतं. आता एक फळी ओंडक्यातून सपाट कापलेली घेतली आणि तिला चिकटवली वलयं उभी राहतील अशी चौथाई कापलेली, तर पावसाळ्यात एक जास्त जाड होणार, दुसरी कमी. समोरून रेषा कितीही जुळवा, चार पावसाळ्यांनी सांध्यावर पायरी लागते, वरच्या लॅकरला केसाएवढी चीर जाते. एक फळी पूर्ण मुरलेली आणि दुसरी अर्धी ओली असेल तर तेवढाही वेळ लागत नाही.

माझ्या बेसच्या कडेवर दोन्ही फळ्यांची वलयं एकाच कोनात आहेत, सांध्यावर आरशासारखी समोरासमोर येतात. एकाच फळीचे दोन भाग करून पुस्तक उघडल्यासारखे मांडले की असं होतं. एकाच झाडाचं, एकाच दिवशी चिरलेलं, एकाच गंजीत सुकलेलं लाकूड. ज्या जपानी माणसाने ते निवडलं त्याने डोळ्याला सुखावणारं काम केलं खरं, पण त्याचा खरा हिशोब पुढच्या पन्नास पावसाळ्यांचा होता. त्या माणसाचं नाव कुठे लिहिलेलं नाही. त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

मामांच्या या बोलण्यावर मी मिरजेला गेल्यावर पुन्हा विचार केला. कोल्हापूरहून पन्नास किलोमीटरवर, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतार-तंबोरे घडवणारं गाव. शिकलगार मंडळी मूळची शस्त्रांना धार लावणारी. लढाया ओसरल्या तेव्हा फरीदसाहेबांसारखे कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे मंगळवेढ्याकडचे भोपळे टांगलेले असतात, तुणीच्या लाकडाच्या दांड्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या असतात, आणि कारागीर कामाला हात घालण्याआधी बराच वेळ नुसता या भोपळ्याला ती दांडी लावून बघत असतो. गायकासाठी तंबोऱ्यांची जोडी करायची असेल तर निवड आणखी कडक. कोल्हापुरातल्या देवल क्लब या संगीतसंस्थेच्या मंचावर गवयाच्या मागे दोन तंबोरे बसतात तेव्हा ते दिसायला जुळे असतात हे आपल्याला कळतं. पण घटकाभराने दोन्ही एकाच वेळी उतरायला लागतात, एक चढलाय आणि दुसरा उतरलाय असं होत नाही, याचं श्रेय निवडीला आहे. १८८३पासून गाणं ऐकणाऱ्या त्या संस्थेत ही बाब कुणी बोलून दाखवत नाही, इतकी ती गृहीत आहे. बेसच्या जगात मात्र ती कुणी विचारात घेत नाही याचं मला राहून राहून वाईट वाटतं.

ज्यांनी ती विचारात घेतली त्यांची वाद्यं वेगळी ओळखू येतात. जर्मनीतल्या हॉफनरने १९५६ला व्हायोलिनच्या आकाराचा बेस काढला, पोकळ, वर स्प्रूस, पाठीला आणि बाजूंना लहरीदार मेपल. तिथे पाठ उघडलेल्या पुस्तकासारखी जुळवणं ही व्हायोलिनवाल्यांची जुनी रीत होती, ती तशीच आली. रिकेनबॅकरने १९५७पासून मान बॉडीच्या आरपार नेली आणि दोन्ही बाजूंना पंख चिकटवले, म्हणजे खाचेचा प्रश्नच मिटला. पण मधली पट्टी आणि दोन पंख असे तीन भाग जुळवायचं नवं काम आलं, आणि मेपलग्लो नावाच्या त्यांच्या पारदर्शक रंगात काहीच लपत नाही. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या अलेम्बिकने सत्तरच्या दशकात याच वाटेने जाऊन मान अनेक पट्ट्यांची केली. प्रत्येक पट्टीचं वळण शेजारणीच्या विरुद्ध, म्हणजे एकीने वाकायला घेतलं की दुसरी तिला धरून ठेवते. वर सुंदर लाकडाचे जुळवलेले पातळ थर. अलेम्बिक बघताना पहिल्यांदा ते थर डोळ्यात भरतात. माझी नजर आता मानेच्या पट्ट्यांवरच जाते.

बेसमध्ये मान सगळ्यात महत्त्वाची. चार तारांचा एकूण ताण सुमारे ७५-८० किलो, तो ३४ इंचांच्या लांबीवर दिवसरात्र ओढत असतो. विजेच्या वाद्यात लाकडाचा आवाजाशी संबंध किती, यावर वाद घालणाऱ्यांनी बॉडी सोडून मानेकडे बघावं असं मला वाटतं. पिकअप तारेचंच ऐकतो हे खरं, पण तार किती वेळ वाजत राहील हे ती ज्यावर ताणली आहे तेही ठरवतं. कुठल्याही जुन्या फेंडर पद्धतीच्या बेसवर सगळ्यात बारीक तारेचा पाचव्या ते सातव्या फ्रेटमधला, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांमधला, एखादा सूर दाबून बघा. शेजारचे सूर लांबत राहतात आणि तो एकटा लवकर विझतो. त्या सुराच्या आसपास मान स्वतःच थरथरते आणि तारेची ताकद पिऊन टाकते. हेडस्टॉकला एखादा जड क्लॅम्प लावला तर तो मुका सूर दुसऱ्या फ्रेटवर सरकतो, म्हणजे दोष मानेच्या वजनाच्या आणि कडकपणाच्या वाटणीत आहे. बॉडीवरच्या रेषांनी त्यात काडीचाही फरक पडत नाही.

मानेवरूनच एक आपल्या मुलखाची गोष्ट. फेंडरने १९५९ला मेपलच्या मानेवर रोझवूडचा फ्रेटबोर्ड, म्हणजे बोटं चालतात ती पट्टी, बसवायला सुरुवात केली, तेव्हा ते ब्राझीलचं होतं. साठच्या दशकाच्या मध्यानंतर त्याची जागा भारतीय रोझवूडने घेतली. भारतीय रोझवूड म्हणजे पश्चिम घाटातली शिसवी. ब्राझीलच्या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ साली जवळजवळ पूर्ण बंदी आली. आपल्या शिसवीवर २०१७पासून कागदपत्रांची बंधनं आली, २०१९मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. कोल्हापुरातल्या जुन्या वाड्यांतल्या दिवाणांचं आणि देव्हाऱ्यांचं लाकूड आणि फुलर्टनमधल्या सत्तर सालच्या जॅझ बेस या फेंडरच्याच दुसऱ्या वाद्याचा फ्रेटबोर्ड एकाच जातीचा. मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. “शिसवी घामाला दाद देत न्हाई,” एवढंच म्हणाले, आणि रोज तासन्‌तास बोटं चालणाऱ्या पट्टीसाठी यापेक्षा चांगलं प्रमाणपत्र नाही.

एक विनंती मात्र मनापासून करायची आहे. जुना रंगवलेला बेस हाती आला आणि आत लाकूड कसं आहे याची उत्सुकता लागली, तर रंग खरवडू नका. सत्तर-ऐंशीच्या दशकात जगभर हे झालं. चांगले सनबर्स्ट घासून नॅचरल केले गेले आणि खालच्या बिनमेळाच्या फळ्या उघड्या पडल्या. त्या दिसण्यासाठी निवडलेल्याच नव्हत्या. मूळ रंग गेला की तारीख ठरवणं अवघड होतं, किंमत पडते, आणि वर्षानुवर्षं हवा आणि लाकूड यांच्यात जो थर तडजोड करत होता तोही जातो. बघायचंच असेल तर पिकगार्डचे, म्हणजे पुढच्या प्लॅस्टिकच्या पत्र्याचे, स्क्रू काढा. पिकअपच्या खाचेत बऱ्याचदा लाकडाच्या रेषा, सांध्याची ओळ, कधी पेन्सिलची खूण दिसते. मान उतरवायचीच झाली तर आधी सगळ्या तारा सैल करा, आणि खाचेतून निघालेला पुठ्ठ्याचा किंवा पातळ लाकडाचा तुकडा फेकू नका. मानेचा कोन साधण्यासाठी तो तिथे मुद्दाम ठेवलेला असतो.

सध्या मामा आणि मी एक नवीन बॉडी करतोय, त्या जपानी बेसच्या मापाने. तुणीची एकच फळी उभी चिरून दोन केल्यात, दोन्ही त्यांच्या माळ्यावर मध्ये पट्ट्या घालून एकावर एक ठेवल्यात. पावसाआधी त्यांचं वजन लिहून ठेवलं होतं, तेव्हापासून अधूनमधून तराजूवर घेतो. दोघी बरोबरीने जड झाल्या, आता बरोबरीने हलक्या होतायत. मला वाटत होतं दिवाळी झाली की सांधा लावावा. मामांचं म्हणणं, परतीच्या पावसाची ओल अजून आत आहे, वजन दोन-तीन आठवडे एका जागी थांबल्याशिवाय सरस लावायचा नाही. रेषा कशा दिसतायत हे दोघांपैकी कुणी अजून विचारलेलं नाही.